पाकिटाच्या मागे लिहिलेली यादी: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहते आणि गेली बावीस वर्षं छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते. किराणा दुकानं, दोन-तीन उपाहारगृहं, एक साड्यांचं दुकान, एक दातांचा दवाखाना, अशी माझी गिऱ्हाइकं. त्यात मराठी माणसं थोडी, गुजराती आणि तेलुगू जास्त. मंडळाची वर्गणी मी दर वर्षी भरते, गणपतीला मोदकांच्या पाळीत उभी राहते. तेव्हा हे पत्र घरातल्याच माणसाचं समजून वाचा.

2024च्या एप्रिलमधली गोष्ट. एका किराणा दुकानात महिन्याचा हिशेब घ्यायला गेले होते. दुकानाचे मालक मूळचे कराडकडचे, वय सत्तरीच्या आसपास. मी त्यांना काका म्हणते, ते मला ताई म्हणतात. गल्ल्याशेजारी पुढच्या मालाची यादी पडली होती: तूरडाळ वीस, जाडे पोहे बारा, आमसूल दोन, गोडा मसाला चार. ती लिहिली होती एका लांबट पाकिटाच्या मागच्या बाजूला. सहज उलटून पाहिलं, तर पाकीट न उघडलेलं. आत त्यांच्या दुकानाच्या नावाने आलेला दाव्याचा फॉर्म, त्यावर त्यांचा दावेदार क्रमांक आणि कंट्रोल नंबर. व्हिसा आणि मास्टरकार्डविरुद्धच्या खटल्यातल्या तडजोडीतून आपला वाटा मागण्यासाठी लागणारा नेमका तो कागद.

काका म्हणाले, "ताई, असली पाकिटं रोज येतात. लोन घ्या, सोलर लावा, विमा काढा. फुकट पैसे कोण देतंय?"

फुकट नव्हते. ते त्यांचेच पैसे होते. हे त्यांना पटवायला मला तीन खेपा लागल्या.

त्या खेपांमध्ये काकांना जे सांगितलं तेच आधी तुम्हाला सांगते. कार्यकारिणीत बहुतेक जण नोकरदार. कार्ड देणाऱ्याच्या बाजूने आपण सगळेच उभे असतो, कार्ड घेणाऱ्याच्या बाजूने फार थोडे.

गिऱ्हाइकाने 40 डॉलरचं सामान घेतलं आणि क्रेडिट कार्ड दिलं, की दुकानदाराच्या खात्यात 40 जमा होत नाहीत. 39 आणि वर काही सेंट येतात. मधला डॉलरभर तीन ठिकाणी जातो. सगळ्यात मोठा हिस्सा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो, त्याला इंटरचेंज म्हणतात. थोडा व्हिसाला किंवा मास्टरकार्डला जातो, उरलेला मशीन देणाऱ्या प्रोसेसर कंपनीला. प्रोसेसरशी दुकानदार घासाघीस करू शकतो. इंटरचेंजवर मात्र त्याचं काही चालत नाही. कार्ड देणाऱ्या बँका हजारो, पण दर ठरवतो कार्डाचा जाळेवाला, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्ड, आणि त्या जाळ्यातल्या सगळ्या बँकांना तोच दर लागू. शिवाय व्हिसा घ्यायचं म्हटलं की तिचं प्रत्येक क्रेडिट कार्ड घ्यावं लागतं, साधं असो की विमानाचे मैल देणारं महागडं. ज्या कार्डावर गिऱ्हाइकाला जास्त बक्षीस मिळतं, त्यावर दुकानदाराला जास्त फी बसते.

काकांच्या हिशेबात भाडं आणि नोकरांचे पगार सोडले तर सगळ्यात मोठा खर्च हाच. विजेपेक्षा मोठा. डाळ-तांदळाच्या धंद्यात मालावर सुटतं किती, हे तुमच्यापैकी कोणाचं घर दुकानावर चाललं असेल तर सांगायला नको.

पुण्यातला भाऊ फोनवर मला विचारतो, एवढी प्रगत अमेरिका आणि दुकानदाराला पैसे घ्यायला पैसे पडतात? तिकडे 1 जानेवारी 2020पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून ही फी घेता येत नाही. युरोपने 2015मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरचं इंटरचेंज 0.3 टक्क्यावर बांधून टाकलं. अमेरिकेत डेबिट कार्डाला 2011मध्ये मर्यादा आली. क्रेडिट कार्डाला कायद्याने आजही नाही. म्हणून इथल्या दुकानदारांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

ती पायरी फार लांबलचक निघाली. डेबिट कार्डं सक्तीने घ्यायला लावण्याविरुद्धचा एक खटला दुकानदारांनी 2003मध्ये तडजोडीत जिंकला होता, 3 बिलियन डॉलरहून अधिक रकमेचा. पण इंटरचेंजचा मुख्य खटला 2005मध्ये सुरू झाला, ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात. म्हणणं सरळ होतं: बँकांनी कार्डाच्या जाळ्यांमार्फत मिळून दर ठरवणं हे स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे. त्या वेळी व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही संस्था बँकांच्याच मालकीच्या होत्या. मास्टरकार्डचे शेअर बाजारात आले 2006मध्ये, व्हिसाचे 2008मध्ये.

2012मध्ये 7.25 बिलियनपर्यंतची तडजोड झाली. कोर्टाने ती मान्य केली, आणि 2016मध्ये वरच्या कोर्टाने रद्द केली. कारण समजून घेण्यासारखं आहे. ज्यांना जुन्या फीचे पैसे परत हवे होते आणि ज्यांना पुढचे नियम बदलून हवे होते, अशा दोन गटांचं हित वेगळं असताना त्यांच्या वतीने बोलणारे वकील एकच होते. वरच्या कोर्टाने ते चालवून घेतलं नाही. मला तो निकाल योग्य वाटतो, पण त्यापायी काकांसारख्यांची आणखी सात वर्षं गेली. नवी तडजोड फक्त पैशांची होती. न्यायाधीश मार्गो ब्रोडी यांनी डिसेंबर 2019मध्ये तिला अंतिम मान्यता दिली: सुमारे 5.54 बिलियन डॉलर, आपल्या भाषेत 554 कोटी डॉलर. त्यावर अपील झालं, ते मार्च 2023मध्ये निकाली निघालं. डिसेंबर 2023पासून टपालाने फॉर्म यायला लागले. 2005 साली ज्यांनी नवं दुकान थाटलं, त्यांच्यातले किती तरी तोवर निवृत्त झाले होते.

पात्रता अगदी सैल होती. 1 जानेवारी 2004 ते 25 जानेवारी 2019 या काळात अमेरिकेत ज्याने कधीही व्हिसा किंवा मास्टरकार्ड स्वीकारलं, तो दावेदार. आधीच बाहेर पडलेले, सरकार, कार्ड देणाऱ्या बँका असे काही सोडून बाकी सगळे. देशभरात सुमारे 1 कोटी 20 लाख दुकानं आणि संस्था. मात्र पैसे आपोआप घरी येणार नव्हते, मागावे लागणार होते. जो मागेल त्याने त्या पंधरा वर्षांत भरलेलं इंटरचेंज मोजायचं आणि सगळ्या दाव्यांच्या प्रमाणात रक्कम वाटायची, असा हिशेब. भरलेली सगळी फी परत मिळेल असं कोणी म्हटलं नव्हतं आणि मीही कोणाला म्हटलं नाही.

मुदत आधी 31 मे 2024 होती. ती 30 ऑगस्ट झाली, मग 4 फेब्रुवारी 2025. त्या मंगळवारी ती संपली.

त्या दहा महिन्यांत मी संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या वेळी जात असे. मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवायचा आणि फॉर्म भरायचा. एकूण एकतीस जणांचे भरले. फी घेतली नाही, हे सांगते ते मोठेपणासाठी नाही. या कामात फी घेण्याजोगं काही नव्हतं, एवढंच. पाकीट हातात असलं तर वीस मिनिटांचं काम. टॅक्स आयडी टाकायचा, धंद्याचं नाव आणि पत्ता बरोबर आहे ना बघायचं, सही करायची. इंटरचेंज किती भरलं याची बेरीज, दाव्यांचं काम बघायला कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाकडे असलेल्या आकड्यांवरूनच व्हायची. दुकानदाराला पंधरा वर्षांची स्टेटमेंटं शोधत बसायची गरज नव्हती. अनेकांनी निव्वळ त्या भीतीने पाकीट उघडलं नव्हतं.

अडचण यायची ती पाकीट हरवलेल्यांची आणि ज्यांचा धंदाच उरला नाही त्यांची.

एक वहिनी आहेत, त्यांचे यजमान गेले 2016मध्ये. दोघांनी मिळून खानावळ चालवली होती, 2011मध्ये बंद केली. त्या म्हणाल्या, "खानावळच राहिली नाही, आता कसला दावा?" बंद पडलेल्या धंद्यालाही हक्क होता. पण खानावळीचा टॅक्स आयडी त्यांना आठवेना. आयआरएसला, म्हणजे इथल्या कर खात्याला, फोन केला की जुन्या नंबराची खातरजमा करणारं पत्र मिळतं, त्याला 147सी म्हणतात. पण आधी घरातच शोधू या म्हणून आम्ही दोघी माळ्यावर चढलो. कुकरचं जुनं खोकं, त्यात मेनूकार्डं, आरोग्य खात्याचा परवाना, आणि तळाशी 2008चा टॅक्स रिटर्न. वरच्या कोपऱ्यात नऊ आकडे. मेनूकार्डावर यजमानांच्या अक्षरात झुणका-भाकरीची किंमत खोडून नवी लिहिलेली होती. त्या बराच वेळ ते कार्ड हातात धरून बसल्या. मी फॉर्म दुसऱ्या दिवशी भरला.

दुसरे एक जण, त्यांनी दुकान 2014मध्ये पुतण्याला विकलं होतं. आता दावा कोणाचा? विक्रीच्या करारात जुन्या येण्यांबद्दल काय लिहिलंय त्यावर ते अवलंबून. करारात एक ओळ होती, दोघांनी ती वेगवेगळी वाचली. मी हिशेबनीस, वकील नाही. त्यांना वकिलाकडे पाठवलं आणि दोघांनाही सांगितलं की घरचा वाद घरात मिटवा, पण मुदत जाऊ देऊ नका. मोठ्या तेल कंपनीच्या नावाखालच्या गॅस स्टेशनांचा प्रश्न तर याहून अवघड. फी भरली कोणी, पंप चालवणाऱ्याने की कंपनीने, यावरून वरच्या कोर्टापर्यंत भांडण गेलं. स्क्वेअरसारख्या मध्यस्थाचं यंत्र वापरणाऱ्यांचाही असाच पेच होता.

आणि मग एजंट.

फॉर्म यायच्या कितीतरी आधीपासून दुकानदारांना फोन येत होते: तुमचा दावा आम्ही भरतो, मिळेल त्यातला वाटा द्या. मी पाहिलेल्या एका करारात तो वाटा तीस टक्के होता. काम तेच, वीस मिनिटांचं. शेकडो शाखा असलेल्या साखळी कंपनीने असा माणूस नेमला तर मी समजू शकते, तिथे खरंच काम असतं. एका गल्ल्याच्या दुकानाला त्याची गरज नव्हती. अधिकृत प्रशासकाकडून आणि दुकानदारांच्या वकिलांकडून मदत विनामूल्य होती. ती विनामूल्य आहे आणि कोणालाही पैसे देऊन नेमायची सक्ती नाही, हे दुकानदारांना स्पष्ट कळावं म्हणून कोर्टालाही लक्ष घालावं लागलं. पण ही ओळ करारात असते बारीक अक्षरात, आणि फोनवरचा माणूस बोलतो ठळक. माझ्या ओळखीच्या एका मिठाईवाल्याने दोन वेगवेगळ्या एजंटांना सही दिली होती. दोघांनाही वाटत होतं गिऱ्हाईक आपलं. तो गुंता सोडवायला जेवढे फोन करावे लागले, तेवढ्यात पाच जणांचे फॉर्म झाले असते.

हे सगळं तुम्हाला का सांगते? कारण मी तुमच्याकडे आले होते.

जानेवारी 2025. संक्रांतीचं हळदीकुंकू, हॉलमध्ये सहज तीनशे माणसं जमणार. मुदतीला तीन आठवडे उरलेले. मी कार्यकारिणीला ईमेल पाठवला की मला व्यासपीठावर पाच मिनिटं द्या, नाहीतर तिळगुळाच्या टेबलाशेजारी एक खुर्ची द्या. उत्तर आलं की व्यावसायिक स्वरूपाची निवेदनं फक्त प्रायोजकांना करता येतात, प्रायोजकत्वाचा तक्ता सोबत जोडला आहे. कोणतं मंडळ ते मी लिहीत नाही. उत्तर लिहिणारी व्यक्ती चांगली आहे आणि नियमाला धरूनच वागली. विषय व्यावसायिक वाटला, कारण त्यात दुकान होतं, कार्ड होतं, पैसे होते. मीही पुन्हा विचारलं नाही. तिळगूळ घेतला आणि परत आले. त्या परत येण्याचं मला आजही वाईट वाटतं. चिकाटीने आणखी एक फोन करायला हवा होता.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. मार्च 2025मध्ये दुसऱ्या एका मंडळाच्या माजी खजिनदारांचा मला फोन आला. घर बदलताना त्यांना एक पाकीट सापडलं होतं, मंडळाच्या नावाचं. त्यांचं खजिनदारपद संपून सहा वर्षं झाली होती, पण बँकेच्या मर्चंट खात्यावर पत्ता अजून त्यांचाच. मंडळाने 2009पासून दिवाळीच्या आणि नाटकांच्या तिकिटांसाठी दारात कार्ड मशीन ठेवलं होतं. वर्गणीही कार्डावर घेत होते. दहा वर्षं प्रत्येक तिकिटामागे फी कापली जात होती. पात्रता कोणाची, तर कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची, धंद्याची आणि संस्थेची. नफा कमावते का, असा प्रश्न त्यात नव्हता. म्हणजे मंडळ स्वतःच दावेदार होतं.

मुदत संपून महिना उलटला होता.

माननीय अध्यक्ष, खजिनदार, तुमच्या मंडळाचं असंच एक पाकीट कुठल्या माजी सचिवाच्या गॅरेजमध्ये आहे का, हे आज रात्री विचारा. दर दोन वर्षांनी आपली कार्यकारिणी बदलते आणि टपालाचा पत्ता मात्र मागेच राहतो. मंदिरांचं असंच, मराठी शाळांचं असंच, ढोलताशा पथकांचं असंच. आपण समजत होतो की हा दुकानदारांचा विषय. आपणही मशीन ठेवलं त्या दिवशी दुकानदार झालो होतो.

मग आता मी काय मागते आहे?

ज्यांनी वेळेत दावा केला त्यांचं काम संपलेलं नाही. प्रशासकाकडून खुलासे मागणारी पत्रं येऊ शकतात: टॅक्स आयडी जुळत नाही, दोन दावे एकाच नावावर आहेत, सही करणाऱ्याचा अधिकार दाखवा. त्यांना उत्तर दिलं नाही तर केलेला दावाही जातो. मधल्या काळात दुकानं हलतात, माणसं फ्लोरिडाला मुलीकडे राहायला जातात, ईमेल बदलतात. तेव्हा मंडळाच्या पुढच्या पत्रकात चार ओळी मराठीत टाका: ज्यांनी कार्ड-फीचा दावा केला आहे त्यांनी आपला पत्ता प्रशासकाकडे अद्ययावत करावा, आलेलं पत्र उघडावं. लोक इंग्रजी वाचतात, पण कोर्टाचं इंग्रजी दिसलं की फसवणूक असेल असं धरून बाजूला ठेवतात. तेच आपल्या मंडळाच्या अंकात मराठीत दिसलं की विश्वास बसतो. हा विश्वास कुठल्याही कायदेशीर नोटिशीला मिळवता येणार नाही, तो तुमच्याकडे आहे.

शिवाय ही तडजोड शेवटची नाही. डिस्कव्हर या कार्ड कंपनीने 2007पासून काही साधी ग्राहक-कार्डं महाग फी असलेल्या व्यावसायिक गटात धरली होती, असं 2023मध्ये तिने स्वतःच उघड केलं. त्यावरची तडजोड 54 कोटी ते 122.5 कोटी डॉलरच्या दरम्यान आहे आणि 2007 ते 2023 या काळात ती कार्डं घेणाऱ्या दुकानदारांसाठी आहे. नऊ-दहा आकडी रक्कम ऐकून कोणी हुरळून जायला नको, आपल्या छोट्या दुकानाच्या वाट्याला थोडंच येईल. पण मागितलं नाही तर काहीच येणार नाही. पात्रता आणि मुदत त्या तडजोडीच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा, फोन करणाऱ्या अनोळखी माणसाकडून ऐकू नका.

आणि मुख्य खटल्याचा दुसरा अर्धा भाग, पुढचे नियम बदलण्याचा, अजून जिवंत आहे. त्यातली एक तडजोड न्यायाधीश ब्रोडी यांनी जून 2024मध्ये अपुरी म्हणून फेटाळली. नोव्हेंबर 2025मध्ये कंपन्यांनी नवी मांडली: पाच वर्षं इंटरचेंज एक दशांश टक्का कमी, साध्या ग्राहक-कार्डांवर आठ वर्षं 1.25 टक्क्याची मर्यादा, आणि महागड्या गटातली कार्डं नाकारण्याची दुकानदाराला मुभा. यात रोख पैसे नाहीत. मोठ्या दुकानदारांच्या संघटनांना हीही पुरेशी वाटत नाही, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. 40 डॉलरच्या बिलावर एक दशांश टक्का म्हणजे चार सेंट. आणि मैल देणारं कार्ड नाकारण्याची मुभा कराडच्या काकांना काय कामाची? त्यांचं निम्मं गिऱ्हाईक तेच कार्ड घेऊन येतं, नाकारलं तर चार दुकानं सोडून पाचव्यात जाईल. अशा तडजोडीवर दुकानदाराला कोर्टाला लिहून म्हणणं मांडता येतं. आपल्यातल्या किती दुकानदारांना हे ठाऊक आहे?

मंडळं रक्तदाब तपासायला डॉक्टर बसवतात. मृत्युपत्रावर व्याख्यान ठेवतात. करांच्या मोसमात कोणी सीपीए (इथला सीए) मित्र तासभर प्रश्नोत्तरं घेतो. यातलं काहीच आपण व्यावसायिक मानत नाही. मग वर्षातून दोन वेळा, गणेशोत्सवात आणि संक्रांतीला, एक दाव्यांचं टेबल ठेवा. तिथे येणाऱ्याने एवढंच आणायचं: आलेलं पत्र, टॅक्स आयडी, आणि एकट्याच्या नावावर धंदा असेल तर ज्या नंबरावर कर भरला तो. सोशल सिक्युरिटी नंबर कोणी कागदावर लिहून ठेवायचा नाही, येणाऱ्याने स्वतःच्या फोनवर स्वतः टाकायचा. टेबलावर बसणाऱ्याने एक पैसा घ्यायचा नाही आणि कोणाला पुढे कुठल्याही एजंटाकडे पाठवायचं नाही. वाद असेल तर वकिलाकडे जा एवढंच सांगायचं. प्रायोजकांच्या यादीत दावे भरून देणारी कंपनी असेल तर तिचा स्टॉल या टेबलापासून लांब ठेवा, आणि शक्य असेल तर घेऊच नका.

खजिनदारांसाठी एक वेगळी विनंती. मंडळाचा टॅक्स आयडी, मर्चंट खात्याचा नंबर, कार्ड मशीन कधी घेतलं, कोणत्या प्रोसेसरकडून आणि कधी बदललं, हे एका कागदावर लिहा आणि नव्या कार्यकारिणीला चाव्यांसोबत द्या. टपालासाठी कोणाच्या घरचा पत्ता न देता पोस्टातली पेटी घ्या.

दुकान चालवणारा मराठी माणूस आपल्या मंडळात फार दिसत नाही, याचं कारणही मला इथेच सांगावंसं वाटतं. शनिवारी संध्याकाळी आपला कार्यक्रम असतो आणि शनिवारी संध्याकाळी त्याचा गल्ला सगळ्यात जास्त चालतो. कराडचे काका गेल्या अकरा वर्षांत एकदाही गणपतीला आलेले नाहीत. प्रसादाचा नारळ आणि गूळ मात्र त्यांच्या दुकानातून जातो, कधी कधी बिलाशिवाय. अशा दुकानदारापर्यंत पोचायचं तर टेबल फक्त हॉलमध्ये ठेवून भागणार नाही. मंडळाचा एक स्वयंसेवक महिन्यातून एकदा ओक ट्री रोडवर, किंवा तुमच्या गावात जिथे आपली दुकानं असतील तिथे, रात्री साडेआठनंतर फिरला पाहिजे. तेव्हा शटर अर्धं खाली असतं, चहा असतो आणि माणूस बोलायला मोकळा असतो.

काकांचा दावा दाखल झाला. ज्या पाकिटावर मालाची यादी होती ते त्यांनी जपून ठेवलंय, कंट्रोल नंबर त्यावरच आहे म्हणून. त्यांना अजून पैसे मिळालेले नाहीत. दर महिन्याला ते विचारतात, मी दर महिन्याला त्यांना दाव्याची स्थिती काढून दाखवते.

पुढच्या गणेशोत्सवात मी माझा लॅपटॉप आणि एक छोटा प्रिंटर घेऊन येते. न्यू जर्सीतल्या कुठल्याही मंडळाने बोलवावं. मला दोन खुर्च्या, एक टेबल आणि विजेचा पॉइंट लागेल. ज्या गावात मी येऊ शकत नाही तिथल्या स्वयंसेवकांना मी फोनवर शिकवीन, दोन तास पुरतात. तीनही दिवस बसायची माझी तयारी आहे, फक्त आरतीच्या वेळी उठेन.

आपली,
न्यू जर्सीतली एक हिशेबनीस, आणि मंडळाची वर्गणीदार सभासद